दाब भरपूर शे

आमच्या फुवांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या सांगण्यावर विश्वास म्हणून ठेवला नाही. माणसाच्या नाही, पोथीच्या नाही, आणि सरकारच्या तर नाहीच नाही. एखादी गोष्ट खरी की खोटी हे ठरवायला त्यांच्याजवळ त्यांची जीभ होती, त्यांचे दात होते आणि उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट होतं. या तिघांनी साक्ष दिली की फुवांच्या दरबारी निकाल लागला, मग त्यावर अपील नाही. त्यांच्याबरोबर बाजारात गेलेला माणूस एकदा तरी शरमेनं मान खाली घालून आणि एकदा तरी भीतीनं डोळे मिटून घरी यायचा. मी दोन्ही पुष्कळदा केलं आहे.

फुवा म्हणजे माझ्या वडिलांच्या बहिणीचे यजमान. बाकीचा मुलूख जिला आत्या म्हणतो तिला आमच्या खानदेशात फुई म्हणतात, आणि फुईचे यजमान ते फुवा. एरंडोलकडे त्यांची कपाशीची जमीन होती आणि घर जळगावात, आमच्या मागच्याच गल्लीत. उंच, सडपातळ, धोतर कायम पोटरीच्या वर, आणि चेहऱ्यावर तपासणीला आलेल्या साहेबाचा भाव. लोक त्यांना आबा म्हणायचे. बोलायचे ते अहिराणीत, आणि समोर मामलेदार असला तरी अहिराणीतच. पेरणीच्या आधी शेतात गेले की चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि तोवर सगळे गडी बैलांसकट खोळंबून उभे राहायचे. घर बांधलं तेव्हा त्यांनी विटा चाटून निवडल्या. सराफाच्या दुकानात फुईसाठी पाटल्या घ्यायला गेले तेव्हा सराफ कसोटीचा दगड काढेपर्यंत यांनी पाटली दाढेखाली धरलीसुद्धा. सराफ गादीवरून अर्धा उठला आणि तसाच राहिला. फुईच्या त्या पाटल्यांवर दातांच्या खुणा शेवटपर्यंत होत्या. आलेल्या बायकांना ती त्या दाखवायची, पण कौतुक म्हणून दाखवते की तक्रार म्हणून, ते तिच्या चेहऱ्यावरून कधी कळलं नाही.

आमच्या आळीत एका वकिलांकडे पहिल्यांदा विजेचे दिवे आले तेव्हाची गोष्ट. सगळी आळी बघायला जमलेली. वकील मोठ्या उत्साहानं समजावून सांगत होते की या भिंतीतल्या तारेतून वीज वाहते, ती दिसत नाही, तिला वास नाही. फुवा मागे हात बांधून ऐकत होते. दिसत नाही, वास नाही, आणि आहे म्हणता, हे त्यांना काही पटेना. वकिलांची पाठ वळली आणि फुवांनी भिंतीवरच्या भोकात बोट घातलं. पुढचं इतक्या झटकन झालं की आम्हांला दिसलं ते एवढंच, की फुवा आत्ता भिंतीपाशी होते आणि आता ज्वारीच्या पोत्यांवर पडलेले आहेत, टोपी एकीकडे, वहाण एकीकडे. वकिलांच्या बायकोनं हंबरडा फोडला. कुणी पाणी आणायला धावलं, कुणी कांदा. फुवांनी डोळे उघडले, आढ्याकडे पाहिलं आणि एकच शब्द बोलले.

"शे."

म्हणजे आहे. वीज आहे. वकील खोटं बोलत नव्हते. त्यानंतर फुवा उठून, वहाण शोधून, शांतपणे घरी गेले.

माझं लग्नही त्यांच्याच साक्षीनं ठरलं. स्थळ धुळ्याचं होतं, मुलगा हायस्कुलात मास्तर. वडिलांच्या बरोबर मुलगा पाहायला फुवा गेले, आणि परत आल्यावर वडील दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. झालं होतं असं, की फुवांनी आधी त्यांच्या आडाचं पाणी स्वतः शेंदून चाखलं, मग ओसरीच्या भिंतीचा चुना नखानं खरवडून जिभेला लावला, आणि मग दिवाणखान्यात चारचौघांत बसलेल्या नवऱ्यामुलापुढे जाऊन म्हणाले, "दात दखाडा." बैल घेताना दात बघतात तसे. वडिलांना वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. सगळी बैठक गारठली. आणि मुलानं दात दाखवले. फुवांनी वाकून पाहिले, मान हलवली आणि सुपारी मागितली. लग्नानंतर मी यांना विचारलं, "तुम्ही दाखवलेत तरी कसे?" हे म्हणाले, "इतक्या अधिकारानं आजवर मला कुणी काही सांगितलंच नव्हतं."

लढाई संपली आणि लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघू लागल्या, तेव्हा फुवांच्या डोक्यात मोटारीचं खूळ शिरलं. त्या काळी जळगाव-धुळे रस्त्यावर खासगी मोटारी चालायच्या. पेट्रोल मिळण्याची मारामार होती, त्यामुळे बऱ्याच मोटारी पाठीवर कोळशाची भट्टी घेऊन धूर सोडत फिरायच्या. फुवा लिलावाला गेले ते बऱ्हाणपूरच्या एका ड्रायव्हरला बरोबर घेऊन. हा मनुष्य लष्करात गाड्या हाकून आलेला, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. दोघं परत आले ते एका खाकी रंगाच्या व्हॅनमध्ये बसून, आणि ही व्हॅन पेट्रोलवर नव्हे, कोळशावर नव्हे, डिझेलवर चालणारी निघाली. उस्ताद नंतर सांगायचा की लिलावाच्या मैदानावर फुवांनी टाकीचं झाकण काढून बोट बुडवलं आणि चाटलं, तेव्हा पहाऱ्यावरच्या गोऱ्या सोल्जरनं खांद्यावरची बंदूकच खाली उतरवली. फुवांचं मत पडलं की हे तेल रॉकेलपेक्षा गोड आहे आणि गाडी घ्यायला हरकत नाही.

व्हॅनमध्ये समोरासमोर बाकं ठोकली आणि जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्यापर्यंत तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. फुवा स्वतः उस्तादशेजारी बसायचे. गाडीनं जरा खाकरल्यासारखं केलं की उतरायचे. डिझेलच्या इंजिनाचा सगळा जीव तेलाच्या दाबात असतो, हे उस्तादनं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलेलं. टाकीतून तेल एका नळीनं पंपाकडे येतं. फुवा ती नळी सोडवायला लावायचे, तिच्या तोंडावर आपलं बोट दाबून धरायचे, आणि उस्तादला हातानं तेल ओढायला सांगायचे. तेल बोटाला किती जोरानं ढकलतं त्यावरून ते सांगायचे, दाब बरोबर आहे की गाळणीत कचरा अडकलाय. आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर यायचं. इथेच सगळा घात होता. ती नळी गरीब होती. तिच्यातलं तेल हळू यायचं. पण फुवांना वाटू लागलं की डिझेलचं इंजिन आपल्या बोटाला वश झालं आहे.

गाडीच्या हत्यारांच्या पेटीत दाब मोजायचं एक यंत्र आलं होतं. घड्याळासारखी गोल तबकडी, काच, आत काटा, खाली पितळेचं जड बूड. फुवांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि फुईला देऊन टाकलं. मी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले होते, हेही बरोबर होते, आणि आम्ही फुईकडे गेलो तर गच्चीवर पापड वाळत घातलेले आणि वाऱ्यानं कापड उडू नये म्हणून एका कोपऱ्यावर दगड, दुसऱ्यावर बत्ता आणि तिसऱ्यावर ते यंत्र. हे पडले शाळेत शास्त्र शिकवणारे मास्तर. त्यांनी ते उचलून रुमालानं पुसलं आणि फुवांना विचारलं, "फुवा, हे इथे कसं? हे गाडीत हवं."

"घड्याळले काय कळस?" फुवा म्हणाले. "त्याले बोट शे का?"

यावर यांनी यंत्र परत कोपऱ्यावर ठेवलं. बी.एस्सी.ला असं काही शिकवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच व्हॅननं धुळ्याला निघालो. हे आदल्या संध्याकाळीच शाळेच्या कामासाठी रेल्वेनं पुढे गेले होते, आणि मला पोचवायला म्हणून फुई बरोबर आली. गाडी भरलेली होती. माझ्यासमोर मुकटी गावचा एक शेतकरी, त्याच्या मांडीशी एक शेळी, आणि बाकी लग्नसराईची माणसं. ऊन मी म्हणत होतं. एरंडोल मागे पडलं आणि गाडी धक्के खाऊ लागली. मागून काळाकुट्ट धूर यायला लागला, इंजिनातून ठकठक ऐकू यायला लागली, आणि एका बाभळीच्या सावलीपर्यंत कशीबशी येऊन ती उभी राहिली.

उस्तादनं इंजिनावरचा टप उघडला. फुवांनी नेहमीची नळी सोडवायला लावली, बोट लावलं, आणि दाब बरोबर असल्याचं जाहीर केलं. तरी ठकठक जाईना. मग उस्तादनं इंजिन चालू ठेवून वरच्या बारीक लोखंडी नळ्यांचे नट एकेक करून सैल करून पाहिले आणि म्हणाला की बिघाड तिसऱ्या नोझलमध्ये आहे. नोझल म्हणजे तेलाचा फवारा इंजिनाच्या पोटात उडवणारी तोटी. त्यानं इंजिन बंद केलं, ती तोटी बाहेर काढली, तिची नळी तिला तशीच जोडली आणि तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवली. आता हँडल मारलं की फवारा बाहेर उडणार, आणि तो कसा उडतो ते बघून कळणार. "दाबाचं घड्याळ असतं तर लगेच समजलं असतं," असं पुटपुटत त्यानं पेटी धुंडाळली. घड्याळ गच्चीवर पापड राखत बसलं होतं. मग त्यानं कुणाकडे तरी वर्तमानपत्राचा कागद मागितला. तोटीपुढे लांबून कागद धरायचा, त्यावर तेलाचा डाग कसा पडतो ते बघायचं.

"कागद कसाले?" फुवा म्हणाले.

उस्ताद हँडल हातात घेऊन उभा होता. तो म्हणाला, "आबा, ही नळी ती नळी नाही. हात मागे घ्या, मगच मी फिरवतो."

फुवांनी हात मागे घेतला. उस्ताद गाडीच्या पुढे जाऊन वाकला. मी खाली उतरून फिरकीचा तांब्या धुंडाळत होते, माझी नजर सहज वर गेली, आणि मला दिसलं की फुवांचा हात पुन्हा पुढे आलाय आणि बोट तोटीच्या तोंडाशी टेकलंय. मी ओरडायला तोंड उघडलं, तोवर हँडल फिरलं. सापानं फूत्कार टाकावा तसा बारीक आवाज झाला. फुवांचा सगळा हात दंडापासून झटक्यानं मागे गेला, आणि ते जागच्या जागी थिजले. डोळे एवढे मोठे झालेले. मग त्यांनी बोट तोंडात घातलं, काढलं, बघितलं आणि म्हणाले, "दाब भरपूर शे."

मी जवळ जाऊन पाहिलं. बोटाच्या टोकाशी टाचणीनं टोचल्यासारखा एक ठिपका. रक्ताचा थेंबसुद्धा नीट आलेला नव्हता. उस्तादचा चेहरा मात्र उतरला होता. "लागलं का आबा? लागलं का?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

"काही नही शे. टाचणी टोचनी."

उस्तादनं तोटी उघडून आतली सुई डिझेलनं धुतली, परत बसवली, आणि गाडी गुण्यागोविंदानं सुरू झाली. सगळे हसत खेळत बसले. शेळीसुद्धा बसली. मी मात्र मान पुढे काढून सारखी त्यांच्या बोटाकडे बघत होते, पण झालेलं तर काहीच दिसत नव्हतं.

पारोळ्याला गाडी थांबली. चहाच्या दुकानासमोर फुवा उतरले, बाकावर बसले आणि बोलेनात. एरवी पारोळ्याच्या चहावाल्याशी त्यांची रोजची झडप असायची. त्या दिवशी तो म्हणाला, "आबा, आज दूध एकदम ताजं आहे," आणि फुवांनी मान हलवली. चहावाला दचकून त्यांच्याकडे बघतच राहिला. ऊन रणरणत होतं आणि त्यांच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता. उजवा हात त्यांनी धोतराच्या घोळात, दोन्ही गुडघ्यांमध्ये दाबून धरला होता.

आता फुईबद्दल सांगायला हवं. ती इतकी हळू बोलायची की पलीकडच्या खोलीत ती आहे की नाही हे बांगड्यांवरून ओळखावं लागायचं. यजमानांपुढे मान वर करून बोललेली मी तिला कधी पाहिली नव्हती. ती गाडीतून उतरली, सरळ चार पुरुष बसलेल्या त्या बाकापाशी गेली आणि म्हणाली, "हात दखाडा."

"काही नही शे," फुवा म्हणाले.

फुईनं वाकून, सगळ्यांसमोर, त्यांचा हात गुडघ्यांमधून ओढून बाहेर काढला. ते बोट मेणाच्या बोटासारखं पांढरं पडलं होतं आणि टम्म फुगलं होतं. तिनं ते दाबलं. फुवांना कळलंसुद्धा नाही. ज्या बोटानं त्यांना जगातलं सगळं कळायचं, ते दाबलेलं त्यांना कळत नव्हतं. त्यांनी फुईकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा भीती पाहिली.

फुई वळली. उस्ताद बशीत चहा ओतत होता. "गाडी काढ," ती म्हणाली. "सरळ धुळे. आते कोठेच थांबानं नही."

उस्तादनं बशी तशीच ठेवली. गाडी सुटली. मुकटी जवळ आलं तसा तो शेतकरी शेळीचं दावं आवरून उठायला लागला. फुईनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो परत बसला. मुकटी मागे गेलं, त्याचं घर, त्याची चिंच, त्याची वाट बघत रस्त्यावर उभा असलेला त्याचा भाऊ, सगळं मागे गेलं. तो म्हणाला, "जाऊ द्या अक्का. धुळ्याहून पायी येईन." शेळीनं मात्र धुळ्याच्या अलीकडच्या फागण्यापर्यंत आपली नाराजी सांगितली.

धुळ्याच्या दवाखान्यात कंपाउंडरनं बोट पाहिलं आणि हसला. "आजी, टाचणी टोचल्यासारखं दिसतंय. आयोडीन लावतो, घरी न्या. सूज उतरेल." फुवा लगेच उठले. त्यांना तेवढंच हवं होतं. फुई उठली नाही. डॉक्टरांच्या दारातच खाली फरशीवर बसली आणि म्हणाली, "डाक्टर देखतीन तोपर्यंत मी उठाव नही." आतून लोक येत होते, तिला ओलांडून जात होते. शेवटी गोंधळ ऐकून डॉक्टर स्वतः बाहेर आले. पिकल्या मिशांचे गृहस्थ, लढाईत लष्कराच्या इस्पितळात काम करून आलेले. त्यांनी बोट हातात घेतलं आणि विचारलं, "कशानं झालं?"

"डिझेलच्या तोटीनं," मी सांगितलं. "तेलाचा दाब बघत होते."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. ते कंपाउंडरला म्हणाले, "टेबल तयार कर. आत्ता." मग आमच्याकडे वळून त्यांनी समजावलं. त्या तोटीतून तेल एवढ्या जोरानं सुटतं की कातडीला भोक पाडून आत जातं. वरून ठिपका दिसतो, आत तेल बोटभर पसरलेलं असतं, आणि तासातासानं पुढे सरकतं. लष्करात एका मिस्त्रीचं असंच झालं होतं. तो टाचणी टोचली म्हणून झोपून राहिला आणि दुसऱ्या दिवशी आला. त्याचा हात कोपरापासून काढावा लागला. "याच्यात वेळ घालवता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही आज आलात ते फार बरं झालं."

एवढासा ठिपका आणि कोपरापासून हात. मला ते डोक्यात बसेचना. फुईनं डोळेसुद्धा मिटले नाहीत.

टेबलावर निजवल्यावर डॉक्टरांनी क्लोरोफॉर्मची बाटली काढली, तेव्हा आतून फुवांचा आवाज आला. क्षीण होता, पण त्यांचाच होता. "आधी माले चव देखू द्या." एवढ्या अवस्थेतही मला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. डॉक्टरांनी चव दिली नाही. नंतर कंपाउंडरनंच येऊन हलक्या आवाजात सांगितलं की बोट चिरलं तेव्हा आधी रक्त आलंच नाही, तेल आलं. वास सगळ्या खोलीभर पसरला होता. तो पोरगा पांढराफटक पडला होता. फुईसमोर हात जोडून उभा राहिला.

हात वाचला. बोट वाचलं नाही. चार-सहा दिवस डॉक्टरांनी प्रयत्न केला, मग ते काळं पडायला लागलं आणि मुळापासून काढावं लागलं. हे सांगायला डॉक्टर खाटेशी आले, तेव्हा फुवांनी फक्त एवढंच विचारलं, "बाकीना राहतीन ना?" राहतील, म्हणाले डॉक्टर. फुवांनी मान हलवली. स्वतः खात्री करून न घेता दुसऱ्याचं म्हणणं त्यांनी मान्य केलं, ते, पारोळ्याचं दूध सोडलं तर, माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

आणि मग तशीच सवय लागली, हे सगळ्यांत धक्कादायक. गाडी त्यांनी उस्तादला देऊन टाकली. शेतात गेले तर गड्यांना विचारायचे, "पेरानी का?" आणि गडी हो म्हणाले की बरं म्हणायचे. गडी बिचारे बावरून एकमेकांकडे बघायचे. वाणी म्हणाला, आबा, डाळ चांगली आहे. फुवा म्हणाले, असेल. वकिलांच्या घरी नवा पंखा आला, तो दाखवायला वकील त्यांना मुद्दाम घेऊन गेले, आणि खरं सांगायचं तर फुवा त्यात हात घालतील या भीतीनं त्यांच्या बायकोनं आधीच कांदा फोडून ठेवला होता. फुवा दारातून म्हणाले, "झकास शे," आणि परत आले. ज्या लोकांनी इतकी वर्षं त्यांच्या नावानं कपाळावर हात मारले, तेच आता आमच्याकडे येऊन विचारायचे, "आबांना बरं आहे ना?"

दिवाळीला मी आणि हे जळगावला गेलो, तेव्हा फुईनं आम्हांला जेवायला बोलावलं. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, तूप. पहिल्याच घासाला मी यांच्याकडे पाहिलं, यांनी माझ्याकडे. वरण साफ अळणी. फुईच्या हातचं अळणी वरण म्हणजे पश्चिमेला सूर्य उगवल्यासारखं. फुवा मात्र शांतपणे जेवत होते. डाव्या हाताशी अजून जुळलेलं नव्हतं, म्हणून उजव्याच हातानं, उरलेल्या बोटांनी, बट्टी कुस्करून कुस्करून. फुई समोर उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"कसं शे?" तिनं विचारलं.

"चांगलं शे," फुवा म्हणाले. "आखो वाढ."

फुई आत गेली ती परत येईना. मी मागोमाग गेले. ती चुलीशी बसली होती आणि पदर डोळ्यांना लावलेला होता. "मीठ मी मुद्दाम टाकं नही," ती म्हणाली. "तीस वरीस मन्हा प्रत्येक भांडामा त्यासनं बोट व्हतं. जीव खाई टाकेल व्हता. म्हनलं, आज तरी बोलतीन. बोट गयं पोरी, त्याना मांगे जीभ बी गई."

जेवण झाल्यावर फुवा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. हे आत हात धूत होते. मी त्यांच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "फुवा, वरणात मीठ नव्हतं."

त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. मग आवाज उतरवून म्हणाले, "माले माहीत शे."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि उजवा हात पुढे धरला. "त्या दिन मी म्हने, काही नही शे," ते म्हणाले. "तिनी मन्हं आयकं नही, म्हनून हाऊ हात शे. आते तिना वरणले मी नाव ठेवू?"

मी उठून सरळ आत गेले आणि फुईला सगळं सांगितलं. ती खाली मान घालून ऐकत होती. चुलीवर दूध होतं ते उतू गेलं, तेही तिनं बघितलं नाही. मग पदर तोंडाला लावला आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

त्या दिवसापासून त्या घरात जेवणं अवघड झालं. फुईनं हट्टच धरला होता की फुवांच्या तोंडून एकदा तरी नाव ठेवून घ्यायचं. कधी भाजीत मिरची एवढी की डोळ्यांपुढे काजवे चमकावेत, कधी आमटी चिंचेनं आंबट ढोण, कधी खिरीत साखर नाहीच. फुवा प्रत्येक वेळी घास घ्यायचे, सावकाश चावायचे, तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "चांगलं शे." ती विचारायची सोडत नव्हती आणि ते सांगायचे सोडत नव्हते. मध्ये आम्ही पाहुणे, कपाळावर घाम, नाकातून पाणी, मुकाट्यानं पानातलं संपवत असायचो. हे एकदा धुळ्याला परतताना मोटारीत म्हणाले, "काय प्रेम आहे गं त्यांचं. पण पुढच्या वेळी मी जेवून जाईन."

दोघंही गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी स्वयंपाक बरा करते असं घरात म्हणतात. पण कधी कधी पानात मीठमिरची सगळं जिथल्या तिथे पडलेलं असतं, समोरचा माणूस काही न बोलता जेवत असतो, मला फुईचं 'कसं शे?' आठवतं, आणि घास माझ्या हातात थोडा वेळ तसाच राहतो.